शाळा हे दान नाही, देणं आहे

'मिशनची शाळा' असं नुसतं म्हटलं तरी आपल्याकडे दोन टोळ्या उठून बसतात. पहिली हात जोडून म्हणते, काय तो त्याग, साता समुद्रापलीकडून आले आणि तुमच्या शेंबड्या पोरांची नाकं पुसली, उपकार माना. दुसरी दंड थोपटून म्हणते, पोरं बाटवली, धर्म बुडवला, हाकला या गोऱ्यांच्या दलालांना. दोन्ही टोळ्यांच्या तोंडी आपलीच पोरं. पण पोराच्या खांद्यावर हात ठेवून 'काय पायजे रे तुले?' असं यांच्यापैकी कुणी कधी विचारलेलं नाही.

आम्ही दोन्ही टोळ्यांत नाही. आमचं म्हणणं एवढंच की शाळा हे दान नाही, देणं आहे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालतं. देणं वसूल करता येतं. हा फरक ज्याला कळला नाही त्यानं मिशनची आरतीही ओवाळू नये आणि मिशनवर दगडही उचलू नये.

गोष्ट यवतमाळ जिल्ह्याची घेऊ. कापसाचा जिल्हा. पांढरं सोनं पिकवणाऱ्याच्याच घरात फास लटकतो, तो जिल्हा. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री याच जिल्ह्यातल्या पुसदनं राज्याला दिले. आणि याच जिल्ह्यात कोलामांचे पोड आहेत, पारध्यांचे बेडे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत, गावाच्या कडेला ढकललेले आपले बौद्धपुरे अन् मांगपुरे आहेत. मुंबई-पुण्याच्या खोल्यांत बसून क्रांतीच्या गप्पा हाणणाऱ्या मित्रांनी एकदा नकाशावर हा जिल्हा शोधावा. दोन मुख्यमंत्री होऊनही जिथं पोराला शाळेसाठी कुणाच्या तरी दयेकडं बघावं लागतं, तिथं दया करणाऱ्याचा धर्म कोणता हा प्रश्न नंतरचा. दयेची वेळ कुणी आणली, हा पहिला.

दार कुणी लावलं?

मिशनऱ्यांच्या नावानं खडे फोडण्याआधी एवढं सांगा, की त्यांच्या आधी शाळा कुणाची होती? पंतोजीची. वाड्याच्या ओसरीवरची. तिथं आपल्या पोराची सावली चालत नव्हती. पुढं इंग्रज सरकारची शाळा आली, तिचं नाव सरकारी, पण दारावर उभा तोच जुना पंतोजी. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या एका महार पोरानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. फुकट नव्हे, फी भरायची तयारी होती. सरकारनं उत्तर दिलं त्याचा मतलब असा, की न्याय तुझ्या बाजूला आहे हे खरं, पण तुझ्या एकट्यासाठी बाकीच्यांची शाळा ओस पाडता येत नाही. झालं! न्याय आमचा, शाळा त्यांची. पुढच्या दीडशे वर्षांत या देशाच्या सरकारांनी आपल्याला जी जी उत्तरं दिली ती सगळी या एका उत्तराची नक्कल आहे.

हे दार बंद होतं म्हणून मिशनला दार उघडता आलं. जोतीराव १८४१ साली पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते अहमदनगरला, मिशनच्या फॅरारबाईंकडे. जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो छापला 'ज्ञानोदय'नं, म्हणजे मिशनऱ्यांच्याच पत्रानं. हे नाकारणारा कृतघ्न. आम्ही कृतघ्न नाही.

वऱ्हाडातही तेच. अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट चर्चचं अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे जोडपं १८८१ साली या देशात उतरलं आणि पुढं त्यांच्या मिशननं यवतमाळात बस्तान बसवलं. जिल्ह्याचं नाव तेव्हा वणी होतं, १९०५ मध्ये ते यवतमाळ झालं. १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ पडला तेव्हा माणसं रस्त्याच्या कडेला मरून पडत होती. मिशननं पोरकी पोरं उचलली, त्यांना खाऊ घातलं, हाती पाटी दिली. पुढं पांढरकवड्याकडं उमरीला मिशनचा दवाखाना उभा राहिला. ज्याला शिवायला गावचा वैद्य तयार नव्हता त्याची नाडी तिथं धरली गेली. धर्माभिमान्यांनो, त्या वेळी तुम्ही कुठं होता? तुमच्या मठांत कोठारं होती, देवळांत दागिने होते. दुष्काळात मेलेल्या महाराचं पोर कडेवर घ्यायला तुमचा एक तरी महंत उठला होता काय?

किंमत काय पडली?

पण दोस्तहो, उपकार मान्य केला म्हणजे हिशेब मिटला असं नाही. आता दुसऱ्या टोळीकडं वळू.

पाटी मिळाली, पण पाटीला दोरी होती. पोटाला भाकर, तोंडाला प्रार्थना. आमचा आक्षेप प्रार्थनेला नाही, भाकर आणि प्रार्थना एका ताटात वाढण्याला आहे. उपाशी माणसाला 'तुझी संमती आहे ना?' असं विचारणं ही क्रूर थट्टा आहे. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदात बाबासाहेबांच्या मसुदा समितीनं स्वच्छ लिहून ठेवलंय, की सरकारची मान्यता किंवा पैसा घेणाऱ्या शाळेत पोराला त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही. हे कलम मिशनला लागू आहे. आणि लक्षात ठेवा, ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सरस्वतीच्या फोटोला हार घालून पोरांना हात जोडायला लावतात, त्या शाळेतही बौद्ध बापाची संमती विचारायला कुणी येत नाही. मिशनच्या प्रार्थनेनं ज्यांच्या पोटात दुखतं त्यांचं या हारानं काहून दुखत नाही बाप्पा?

आणि जात? मिशनच्या फाटकाबाहेर जात थांबली का? नागपूरच्या जाईबाई चौधरींची हकीकत प्रत्येक पोरीनं पाठ करावी. ही बाई नागपूर-कामठी रस्त्यावर हमाली करायची, डोक्यावर ओझी वाहायची. एका मिशनरी बाईनं तिला शिकायला हात दिला, मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून चार रुपये महिन्यावर लावलं. पण मास्तरीण महाराची आहे हे कळल्यावर सवर्ण पालकांनी गिल्ला केला आणि जाईबाईंची नोकरी गेली. म्हणजे ज्या मिशननं हात दिला त्याच मिशनच्या शाळेला सवर्णांपुढं तो हात टिकवता आला नाही. धारवाडचंच उत्तर, फक्त या वेळी क्रूस लावलेल्या भिंतीआडून आलं. जाईबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी स्वतःची चोखामेळा शाळा काढली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात हे सगळं नोंदवून ठेवलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आजच मिळवून वाचावं.

बाबासाहेबांनी मिशनचा हिशेब फार आधी मांडला होता. त्यांचं ते लिखाण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, १९८९ साली त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आलं. मिशनऱ्यांनी शाळा-कॉलेजं आणि दवाखाने काढले हे ते मोकळेपणानं मान्य करतात. मग विचारतात, लाभ कुणाला झाला? उत्तर असं, की बहुतांशी वरच्या जातींच्या हिंदूंना. धर्म बदलला अस्पृश्यानं आणि पदवी घेतली ब्राह्मणाच्या पोरानं! ज्यांच्या नावानं परदेशात झोळी फिरली ते वेठबिगारीतच राहिले, आणि मिशनच्या कॉलेजात शिकून वकील झालेले लोक पुढं मिशनलाच शिव्या घालू लागले. एवढा मोठा विनोद या देशातच घडू शकतो.

दानाची आणखी एक गोची बघा. परदेशातला दाता पोराचा फोटो मागवतो. पोरगं उघडं, डोळे मोठे, मागं पडकी भिंत. पोरानं दात्याला पत्र लिहायचं, आभार मानायचे, वाढदिवसाला शुभेच्छा द्यायच्या. पोराची गरिबी हेच त्याचं भांडवल, आणि ते वापरतो दुसराच. बरं, एवढं करून हे दान टिकतं का? कम्पॅशन इंटरनॅशनल ही अमेरिकेतली ख्रिस्ती संस्था अशाच पद्धतीनं भारतातली दीड लाखाच्या आसपास पोरं सांभाळत होती. दिल्लीनं परदेशी पैशाची वाट अडवली आणि २०१७ च्या मार्चमध्ये संस्थेनं भारतातलं काम बंद केलं. जेवण बंद, वह्या बंद, शिकवणी बंद. दात्यानं पोरांना विचारून सुरू केलं नव्हतं, सरकारनं पोरांना विचारून थांबवलं नाही. सरकारनं त्या दीड लाख ताटांची जबाबदारी उचलली का? नाव काढू नका. दानावर जगणाऱ्याच्या नशिबी हेच, देणाऱ्याचा हात आखडला तरी उपाशी आणि तिसऱ्यानं तो हात धरला तरी उपाशी.

धर्माचे चौकीदार

आता त्या दंड थोपटणाऱ्यांचा समाचार घेऊ, नाहीतर त्यांना वाटेल आपलंच काम झालं.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत यवतमाळ मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. त्या सरकारनं १९५४ साली मिशनऱ्यांची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. १९५६ साली अहवाल आला. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांच्या आडून धर्मांतर चालतं, असा त्याचा रोख. सत्तर वर्षं झाली, हा अहवाल हिंदुत्ववाल्यांची पोथी झालाय. पण पोथीतलं एक पान ते तुम्हाला कधी दाखवत नाहीत. त्याच १९५६ साली, त्याच नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा हिंदू धर्म सोडून बुद्धाला शरण गेलेल्यांत हेच न्यायमूर्ती नियोगी होते. धनंजय कीरांच्या बाबासाहेबांच्या चरित्रात ही नोंद आहे. मिशनऱ्यांच्या धर्मांतरावर अहवाल लिहिणारा माणूस स्वतःच धर्मांतर करतो. का? कारण माणूस धर्म सोडतो तो कुणी बिस्किटं वाटली म्हणूनच, हे खोटं आहे. अपमान पुरेसा झाला की माणूस बिस्किटाविना उठतो. लाखो माणसं दीक्षाभूमीवर आली ती पदरची भाकर बांधून आली होती.

त्यांचं दुसरं पाप कायद्यातलं. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलंय, की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली शिखांना आत घेतलं. बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं, झगडावं लागलं. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेरच. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली सांगितलं की ही अट काढून टाका. कुणी ऐकलं? म्हणजे गंमत बघा. मिशनच्या शाळेत शिकून मांगाचा पोरगा ख्रिस्ती झाला तर गाव त्याला मांग म्हणूनच हाकलणार, विहिरीवर मांग म्हणूनच अडवणार. तहसीलदार मात्र म्हणणार, तू आता मांग नाहीस, दाखला विसर. लाथ खायला जात आहे, हक्क मागायला नाही. अन् हेच लोक विचारतात, आमिष कोण दाखवतं! धर्म बदलला तर सवलत काढून घेईन ही धमकी आमिषापेक्षा कमी आहे काय?

१९९९ च्या जानेवारीत ओरिसात ग्रॅहम स्टेन्सला त्याच्या दोन कोवळ्या पोरांसकट गाडीत जाळलं. कुष्ठरोग्यांत काम करणारा माणूस. जाळणाऱ्यांनी एका तरी कुष्ठरोग्याची जखम धुतली होती का? शाळा काढायची ताकद नाही त्यानं शाळेची काच फोडायची, हा कसला पुरुषार्थ?

आज दार कोण लावतंय?

जुन्या गोष्टी पुरे. आजचं बघा.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं मागितलं होतं, की निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा. संविधानानं १९५० साली शब्द दिला, की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न करू. शिक्षण हक्काचा कायदा अंमलात आला १ एप्रिल २०१० ला. दहा वर्षांची साठ झाली. त्यात एक चांगली गोष्ट होती, की खाजगी विनाअनुदानित शाळेनंही पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित पोरांना द्यायच्या. पैसेवाल्याच्या पोराशेजारी एकाच बाकावर आपलं पोर बसणार! पंतोजीच्या काळजात धस्स झालं.

मग पळवाटा निघाल्या. २०१४ साली प्रमती खटल्यात सुप्रीम कोर्टानं सगळ्या अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून मोकळं केलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दलच शंका घेऊन तो मोठ्या पीठापुढं न्यायला सांगितलं. म्हणजे तिसाव्या अनुच्छेदाचं कवच, जे दुबळ्या समाजाला आपली शाळा जपता यावी म्हणून दिलं, ते गरिबाला शाळेबाहेर ठेवायला कामी आलं. राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं २०२१ साली अहवाल दिला. आयोगाचा हेतू शुद्ध होता असं आम्ही म्हणत नाही, पण आकडे ऐका. ख्रिस्ती शाळांतली चौऱ्याहत्तर टक्के पोरं ख्रिस्ती नाहीत. आणि एकूण अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिक दृष्ट्या वंचित पोरं नऊ टक्केसुद्धा भरत नाहीत. बाबासाहेबांचा जुना हिशेब नव्या वहीत तसाच उतरला. आपल्या झोपडपट्टीत येऊन येशूच्या गोष्टी सांगणारे आणि शहरातल्या चकचकीत इंग्रजी शाळेच्या फाटकावर आपल्याला फी विचारणारे, दोघांच्या गळ्यात क्रूस एकच.

यवतमाळच्या मिशनचं नाव 'फ्री' मेथडिस्ट. हे 'फ्री' कुठून आलं माहीत आहे? हा पंथ अमेरिकेत १८६० साली निघाला. तिथल्या चर्चमध्ये बसायची बाकं भाड्यानं मिळायची, श्रीमंत पुढं आणि गरीब मागं. यांनी सांगितलं, देवापुढं बाकाला भाडं नाही. गुलामगिरीलाही यांचा विरोध होता. आम्हाला हे मनापासून आवडतं. म्हणूनच सगळ्या पंथांच्या मिशनवाल्यांना विचारतो, की देवाच्या घरातलं बाक फुकट, तर शाळेतलं का नको? पंचवीस टक्के जागा द्यायला कोर्टाची वाट कशाला बघता?

आणि सरकार? सरकार दुसऱ्याच्या शाळेवर बोट ठेवतं आणि स्वतःची विकायला काढतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' करायचा घाट घातला गेला. राज्यात अशा चौदा हजारांवर शाळा. पोडावर, बेड्यावर वीस पोरं आणणार कुठून? पोडच दहा-वीस घरांचा! तिथली शाळा उचलून पाच-सहा किलोमीटरवर नेली तर पोरगं बापाबरोबर कापूस वेचायला जाणार आणि पोरीच्या हातात धाकटं भावंड येणार. त्याच महिन्यात 'दत्तक शाळा' योजना आली. कंपनीनं पैसे द्यावेत आणि शाळेला आपलं नाव लावून घ्यावं. कालपर्यंत पोर दत्तक जात होतं, आता शाळाच दत्तक! मिशनरी निदान देवाच्या नावानं मागायचा, हे शेठजीच्या नावानं मागतात. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम बदलून, जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट दिली. जुलैत मुंबई हायकोर्टानं तो नियम रद्द केला म्हणून बरं. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत याच सरकारनं धर्मांतराविरुद्ध कायदा सुचवायला समिती नेमली. पोडावरची शाळा वाचवायला अशी समिती का नेमली नाही? पोरगं शाळेतून गेलं तर चालतं, हिंदू धर्मातून जाता कामा नये. त्यांना पोरगं नको, शिरगणतीतला आकडा हवा.

तर मग काय करायचं?

बाबासाहेबांनी मिशनला शिव्या देत बसण्यात वेळ घालवला नाही. १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. जाईबाईंचीच वाट, मोठी केलेली. आज आपल्याच काही पुढाऱ्यांनी बाबासाहेबांच्या नावानं संस्था काढून डोनेशनची दुकानं मांडलीत. त्यांचाही हिशेब एक दिवस होईलच.

आपण मागायचं ते असं. पोडावरची, बेड्यावरची, तांड्यावरची एकही शाळा पटाच्या नावाखाली हलता कामा नये. मिशनच्या असोत, शेठजींच्या असोत की पुढाऱ्यांच्या, शहरातल्या सगळ्या शाळांनी पंचवीस टक्के जागा द्याव्यात. कुठल्याही शाळेत, वसतिगृहात जेवणाच्या ताटाला देव बांधायचा नाही, येशू नाही, गणपती नाही, आणि ऐकून ठेवा, आपला बुद्धही नाही. पोराचा फोटो काढून झोळी फिरवायची नाही. आणि १९५० च्या आदेशातली धर्माची अट रद्द झाली पाहिजे, मांग कुठल्याही देवळात, चर्चमध्ये, मशिदीत गेला तरी.

नागपूर, पुणे, मुंबईच्या पोरा-पोरींनो, उन्हाळ्याची सुट्टी येतेय. मोर्चात घोषणा द्यायला घसा आहे, तसे पाय पण आहेत. दोघा-दोघांनी यवतमाळच्या एकेका तालुक्यात जा. शाळा किती, मास्तर किती, पट किती, बंद किती, ते वहीत उतरवा. ग्रामसभेत उभे राहून ती वही मोठ्यानं वाचा. पोराच्या आईला सांगा, माय, ही शाळा तुझी आहे, कुणाच्या पाया पडायची गरज नाही. वह्या आमच्याकडं पाठवा, नाव-गाव लपवून आकडे इथंच छापू. मग त्या आकड्यांचं बिल घेऊन जिल्हा परिषदेच्या दारात बसू.

धारवाडच्या पोराचं बिल १८५६ पासून थकलंय. व्याजासकट वसूल करायचंय.

जय भीम!